बाटलीवरची ताई

धावणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. धावण्याचा नाही. बस सुटत असेल, कुत्रं मागे लागलं असेल, तर माणसानं जरूर धावावं. पण काही कारण नसताना पहाटे उठून, अंगाला चिकटणारे कपडे घालून, रस्त्यात थुंकत, नाक शिंकरत, घामाचा वास सोडत जी माणसं जातात आणि परत आल्यावर जगावर उपकार केल्यासारखी बोलतात, ती मला बघवत नाहीत. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांच्या फ्रेमांवरचं नाकाचं तेल आणि कानामागचा मळ पुसतो. त्यामुळे माणसाच्या अंगातून काय काय बाहेर येतं याचं मला जरा जास्तच भान आहे, असं बायको म्हणते. आणि नशीब बघा, माझी सख्खी थोरली बहीणच धावायला लागली.

ताई आमच्या वरच्या मजल्यावर राहते. पन्नाशीला टेकलेली, अंगानं काटकुळी, डोळ्यांवर जाड चष्मा. तो अर्थात माझ्याच दुकानातला. शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत ती पाणी तपासते. तलावातून, टाक्यांतून, लोकांच्या नळांतून आणलेलं पाणी तिच्या टेबलावर काचेच्या बाटल्यांत रांगेनं उभं असतं. एकेका बाटलीतलं पाणी ती पांढऱ्या गोल कागदातून गाळते, कागद सूक्ष्मदर्शकाखाली धरते आणि काय दिसलं ते लिहून ठेवते. तिच्या हाताखालची दोन माणसं तिला टरकून असतात, कारण बाटली नीट न विसळता आणली तर ती वरच्या साहेबासमोरसुद्धा परत पाठवते.

घरात मात्र तिची ख्याती वेगळी. ताईनं आयुष्यात पुष्कळ गोष्टी सुरू केल्या. गाणं शिकायला लागली, ते गुरू गाव सोडून गेल्यावर सुटलं. पुढच्या पदवीला बसली, आई अंथरुणाला खिळली म्हणून नाव काढून घेतलं. लग्न ठरलं, ते मोडलं. माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला, त्याला एकच बाही झाली. वडील तिला चारचौघांत "आमची अर्धवट" म्हणायचे. म्हणजे सोडून दिलेल्या कामांची अर्धवट की डोक्यानं अर्धवट, हे त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही आणि ऐकणारे दोन्ही अर्थांनी हसायचे. ताईही हसायची. वडील गेले तरी तो शब्द काही गेला नाही. नातेवाइकांच्या तोंडी अजून आहे.

तिच्या रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. महिनाभर चालली आणि एक दिवस धावतच घरी आली. मी विचारलं, "कोण मागे लागलं होतं?" तर म्हणाली, "कोणी नाही रे. चालताना विचार येतात. धावताना येत नाहीत."

तेव्हापासून आमच्या जिन्यात बूट आले. त्या बुटांच्या वासाबद्दल मी इथं सविस्तर लिहिणार नाही, वाचणाऱ्यांचं जेवण व्हायचं असेल. आठवड्याभरानं माझ्या बायकोनं अगदी गोड आवाजात विचारलं, "वन्सं, तुमच्या बुटांना एखादी वेगळी खोली भाड्यानं घेऊया का?" ताई खदखदून हसली आणि बूट तिथंच राहिले.

मग ती क्लबात गेली. क्लब म्हणजे पंचवीस-तीस माणसं आणि त्यांचा एक म्होरक्या. आयुष्यभर टायर विकून निवृत्त झालेला हा गृहस्थ गळ्यात शिट्टी घालून फिरायचा आणि सगळे त्याला कप्तान म्हणायचे. तो सगळ्यांना चॅम्पियन म्हणायचा. हात मिळवला की सोडायचा नाही, आणि त्याचा हात कायम ओला असायचा. मी त्याला भेटून आलो की दुकानात आधी साबणानं हात धुवायचो. ताईला मात्र तो माणूस उत्साही वाटायचा. उत्साह आणि घाम यांत फरक असतो, असं मी तिला सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

तिच्या पहिल्या शर्यतीला मी पिशवी सांभाळायला गेलो होतो. शर्यत संपल्यावर तो रस्ता मी पाहिला. कागदी पेले बुटांखाली चेंदून त्यांचा लगदा झालेला. केळ्यांच्या साली. धावता धावता तोंडात पिळायच्या गोड चिकट लगद्याच्या पुड्या, त्यांच्या फाडलेल्या तोंडातून तो लगदा अजून बाहेर येतोय आणि त्यावर माश्या. जागोजाग थुंक्या. एका बाईनं घामानं भिजलेला नवाकोरा अंगरखा काढून झुडपावर फेकून दिलेला; का, तर शेवटी दुसरा फुकट मिळणार होता. मी नाकाला रुमाल लावला. ताई आली, लालबुंद, गळ्यात पत्र्याचं पदक, आणि म्हणाली, "बघ, मी पूर्ण केलं!" तिचा चेहरा असा काही उजळला होता, की मी रुमाल खिशात घातला आणि "शाब्बास" म्हणालो.

ती अशीच धावत राहिली असती. पण एक दिवस प्रयोगशाळेत तलावाचं पाणी गाळताना तिला कागदावर निळा दोरा दिसला. केसाहून बारीक. दुसऱ्या दिवशी परत निळा, त्याच्या पुढच्या आठवड्यात निळा आणि नारिंगी. आमच्या भागातलं सांडपाणी गाळून शेवटी त्याच तलावात सोडतात, आणि तलावातून ते पुन्हा नळाला येतं. निळा आणि नारिंगी हे क्लबाच्या अंगरख्याचे रंग. तो अंगरखा नायलॉनसारख्या कसल्याशा कापडाचा, लगेच वाळणारा. ताईनं काय करावं? तिनं स्वतःचा अंगरखा बादलीत धुतला, ते पाणी बाटलीत भरलं आणि टेबलावर नेऊन गाळलं.

संध्याकाळी ती माझ्या दुकानात आली. गिऱ्हाईक होतं, तरी थांबली नाही. काउंटरवर तिनं कागदाच्या घडीतून ती पांढरी चकती काढून ठेवली. चकतीवर निळी लव उगवल्यासारखी दिसत होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मी. एकदा धुतलेली."

"आणि हे नळातून येतं?"

"थोडं थोडं येतं."

"म्हणजे आपण तुझा अंगरखा पितो?"

"माझा, कप्तानांचा, सगळ्यांचाच," ताई म्हणाली आणि तिला खरोखरच उमासा आला. तिनं तोंडावर हात दाबला. माझ्या गिऱ्हाइकानं फ्रेम खाली ठेवली आणि नंतर येतो म्हणून निघून गेलं. कप्तानाचा घामट अंगरखा मी वर्षभर चुळा भरून गिळतोय, हा विचार डोक्यातून जाईना. दोन दिवस मला पाण्याचा घोट घशाखाली उतरवताना डोळे मिटावे लागायचे.

त्या दिवसापासून ताईनं तिच्या धावण्याची झाडाझडती घेतली. नायलॉनी कपडे बंद, सुती सुरू. सुती कापड घामानं ओलं होतं आणि घासतं. तिच्या काखेत आणि मांड्यांना सालटी निघाली, तिथं ती खोबरेल चोपडायची. बूट फेकून नवे घ्यायचे नाहीत म्हणून तिनं चांभाराकडून तळवे बदलून घेतले. चांभार म्हणाला, "बाई, एवढ्यात नवे येतील." ती म्हणाली, "नवे येतील, जुने जातील कुठं?" परगावच्या शर्यतींना मोटारी भरभरून जाणं सोडलं, पायी किंवा बसनं पोचता येईल तिथंच धावायचं. पदक घ्यायचं नाही. गोड लगदा खायचा नाही, खिशात खजूर ठेवायचा आणि बीही खिशातच परत आणायची. कपडे रोज धुवायचे नाहीत, वाऱ्यावर टाकायचे. हे शेवटचं निसर्गाला मानवलं असेल, मला नाही मानवलं. तिची दोरी माझ्या खिडकीच्या बरोबर वर होती. मी दोनदा भांडलो, एकदा खिडकीला जाळी लावली, मग जाळीतूनही वास येतो हे कळल्यावर नाद सोडला.

आणि पेला. पाण्यासाठी दर वेळी नवा कागदी पेला नको म्हणून तिनं स्टीलचा कानाचा पेला कमरेला बांधला. पळताना तो किल्ल्यांच्या जुडग्यावर आपटायचा. टिण टिण टिण. क्लबानं तिचं नाव टिणटिण ठेवलं. पहाटे तिचा आवाज आला की गल्लीतले म्हणायचे, पाच वाजले. लोक हसायचे, तीही हसायची, पण पेला सोडायची नाही.

एका रात्री जेवताना तिनं सांगून टाकलं. "मला बेचाळीस किलोमीटर पळायचंय. एकदाच. आणि मागे काही न टाकता."

"मागे म्हणजे?"

"रस्त्यावर, पाण्यात, कुठंच नाही. माझी एक तरी गोष्ट पूर्ण व्हावी आणि स्वच्छ व्हावी." मग ताटाकडे बघत म्हणाली, "अर्धवट ऐकून ऐकून वीट आलाय रे मला."

इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली होती.

क्लबाची वार्षिक शर्यत तलावाच्या काठच्या रस्त्यानं असायची. एक फेरी सात किलोमीटरची. कुणी एक पळे, कुणी तीन. सहा पळणारे थोडे. ताईनं कप्तानाला गाठून सांगितलं, की यंदा बाटल्या नकोत, पाण्याचे पिंप ठेवा, ज्यानं त्यानं आपला पेला आणावा, पदकं रद्द करा. मला वाटलं, हा टायरवाला तिला वाटेला लावेल. पण त्यानं तिचे दोन्ही हात धरले. "अहो ताई! काय बोललात! आपण ही शर्यतच कचरामुक्त करून टाकू. कचरामुक्त दौड! आणि तुम्ही आमच्या हरितदूत!"

मला त्या शब्दाची तेव्हाच शिसारी आली. दूत माणसाला पगार असतो, निदान निरोप तरी खरा असतो. पण ताई घरी आली ती हवेत. फोटो काढायला एक माणूस आला. त्यानं तिला तलावाकाठी पेला हातात धरून दहा वेळा इकडून तिकडे पळवलं, दात दाखवा म्हणाला, पेल्याची बाजू उन्हाकडे करा म्हणाला. आठवड्याभरात चौकाचौकात फलक लागले. फलकावर भलीमोठी ताई, पेल्यासकट, आणि खाली 'कचरामुक्त दौड, तुमची वाट पाहतेय'. फलक प्लॅस्टिकचे.

"ताई, हे प्लॅस्टिक आहे," मी म्हणालो.

तिचा चेहरा क्षणभर पडला. "मी विचारलं त्यांना. म्हणाले, नंतर त्याच्या पिशव्या शिवणार."

"तुझ्या तोंडाच्या पिशव्या? आणि तू विश्वास ठेवलास? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असलं आहे ते सगळं."

"तुला जिथं तिथं घाणच दिसते."

"असते म्हणून दिसते. मी डोळे तपासतो लोकांचे."

ती चिडून वर निघून गेली. आठ महिने ती या शर्यतीसाठी उन्हापावसात पळली होती. आता तिला फक्त पळायचं होतं.

शर्यतीच्या दिवशी मी सायकल घेऊन तलावाच्या वळणावर उभा राहिलो. सुरुवात बरी झाली. स्टीलची पिंपं होती, त्यांना तोट्या होत्या. ताईची पहिली फेरी झाली, दुसरी झाली. टिण टिण करत यायची, पेला भरायची, दोन घोटांत संपवायची, मला हात करायची. पाय एका लयीत पडत होते. मला वाटलं, चला, आपलंच चुकलं असेल.

पण एक-दोन फेऱ्याच पळणाऱ्यांची गर्दी नंतर सोडली आणि तिच्यातल्या निम्म्या लोकांनी पेले आणलेच नव्हते. ते तोटीला तोंड लावायला लागले. तोटीवर एकाची लाळ, तिच्यावर दुसऱ्याचे ओठ. एकानं ओंजळीत पाणी घेऊन तोंड धुतलं आणि खाकरून तिथंच थुंकला. एका धिप्पाड माणसानं तर पिंपाचं झाकण उघडून डोकंच आत बुडवलं आणि केस झाडत वर आला. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या पिंपात केस तरंगत होते. मी तोंड फिरवलं, पण ओरडलोच, "अहो, प्यायचं पाणी आहे ते!" तो म्हणाला, "मग प्या की!"

पिंपं थोड्याच वेळात संपली. जी नव्हती संपली ती पिण्यासारखी उरली नव्हती. मग शिट्टी वाजवत कप्तान आला आणि त्याच्यामागून एक टेम्पो. टेम्पोत खोके, खोक्यांत बाटल्या. वीतभर उंचीच्या, दोन घोटांच्या, प्लॅस्टिकच्या. एका व्यापाऱ्यानं जाहिरातीसाठी दिल्या होत्या. पोरं भराभर वाटायला लागली. मी एक हातात घेऊन फिरवून पाहिली. बाटलीला गुंडाळलेल्या चकचकीत प्लॅस्टिकच्या कागदावर ताई होती. हातात पेला, तोंडभर हसू. खाली लिहिलं होतं, 'हरितदूताची पसंती'. आणि त्याखाली बारीक अक्षरांत, 'ही बाटली निसर्गात मिसळते'.

"कप्तान, ह्या आधीच छापून ठेवल्या होत्या?"

"तयारीत असावं लागतं, चॅम्पियन! पाणी कमी पडलं तर?"

"आणि रिकाम्या कुठं टाकायच्या? कचरापेटी दिसत नाही एकही."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अडाणी. "अहो, कचरामुक्त आहे ना! पेटी ठेवली म्हणजे कचरा होणार हे आपणच कबूल केल्यासारखं नाही का? मी महापालिकेच्या होत्या त्यासुद्धा उचलायला लावल्या. फोटोत वाईट दिसतात."

हसावं की रडावं कळेना. खरंच त्या माणसानं कचरामुक्त या शब्दाचा अर्थ कचरापेटीमुक्त असा घेतला होता, आणि त्याच्या समितीतल्या शिकल्यासवरल्या एकालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं.

लोकांनी मग लोक करतात तेच केलं. दोन घोट प्यायचे आणि कठड्यावरून बाटली खाली भिरकावायची. एक पोरगी जरा घुटमळली तर वाटणारा म्हणाला, "टाका हो, मिसळते ती." बाटल्या उतारावरून घरंगळत पाण्यात जात होत्या. निसर्गात त्या तेवढ्याच मिसळल्या.

चार फेऱ्या संपवून ताई आली. ओठ फुटले होते, मीठ कपाळावर सुकलं होतं. पेला पुढे करून तिनं पिंपाची तोटी फिरवली. काही आलं नाही. एका मुलानं तिच्यासमोर बाटली धरली. "काकू, हे घ्या! अरे, ह्या तुम्हीच ना?"

ताईनं बाटली घेतली. चष्मा घामानं धुरकट झाला होता, म्हणून डोळ्यांजवळ नेली. मग तिनं रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर ती स्वतः पडली होती, जिथं तिथं, चेपलेली, तिच्या दातांवर बुटांचे ठसे. एकजण धावत गेला तो तिच्या तोंडावर पाय देऊनच. कठड्याशी जाऊन तिनं खाली पाहिलं.

"ताई, बघू नकोस," मी म्हणालो. "तू पळ. दोनच फेऱ्या राहिल्यात. मी तुला घरून पाणी आणतो, सायकल आहे."

"अरे, पाण्यात गेल्यात त्या."

"जाऊ देत! नंतर वेचू. मी वेचतो. आठ महिने घासलेस तू. आधी पूर्ण कर!"

तिला पळायचं होतं. मी बघत होतो, तिचा उजवा पाय तसाच, पुढे टाकायच्या बेतात होता. तो तिनं मागे घेतला. मग म्हणाली, "उद्या हेच पाणी माझ्या टेबलावर येणार. मी काय लिहू त्यात?" आणि कठडा ओलांडून उतारावर उतरली.

मी पण उतरलो. टेम्पोतली एक रिकामी गोणी ओढून घेऊन, शिव्या देत उतरलो, पण उतरलो. ती घाण हातांनी उचलायची म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. अर्ध्या बाटल्यांत उष्टं पाणी, त्यात शेंबडासारखं काही. चिखल, केळ्याच्या साली, कुणाचे तरी मोजे. एक बाटली उचलली तर ती कोमट लागली. आत पिवळं होतं. कुणीतरी आडोशाला जाऊन तीत लघवी करून झाकण लावून फेकली होती, आणि वरच्या कागदावर माझी बहीण हसत होती. मला तिथल्या तिथं ओकारी झाली. ताईनं माझ्या हातातून ती बाटली घेतली, कागद सोलून काढला, घडी करून स्वतःच्या खिशात घातला आणि बाटली गोणीत टाकली.

काठावरच्या सापडल्या तेवढ्या वेचल्या. पाण्यातल्या मात्र आत आत चालल्या होत्या. दुपार झाली तेव्हा वरून शिट्टी ऐकू आली. कप्तान आणि तो फोटोवाला.

"वा ताई! वा! तशाच वाकलेल्या राहा! बाटली जरा वर धरा... चेहरा इकडे!"

फोटो निघाले सुद्धा. मग कप्तान हात पुढे करून उतारावर आला. "वेळ संपली हो आता. पण काळजी करू नका. तुमची चौथी फेरी झालीय, पुढच्या दोन आपण धरून टाकू. पूर्ण केलं असं लावतो. हे घ्या, पदक रद्द केलं नाही आपण, लाकडाचं केलंय. खास तुमच्यासाठी."

ताईनं त्याच्या हाताकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या चेहऱ्यावर माणसाबद्दलची ती किळस पाहिली जी माझ्या चेहऱ्यावर कायम असते.

"कप्तान, मी अर्धवट पळलेय," ती म्हणाली. "अर्धवटाला पूर्ण म्हणू नका. तेवढं तरी घाण करू नका."

"अहो, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना. आणि ह्या पाण्यातल्या काढणार कधी?"

"मिसळतील हो," तो म्हणाला. "जरा धीर धरा."

माझा हात उठला होता. ताईनं मनगट धरलं म्हणून बरं. नाहीतर त्याच्या गळ्यातल्या शिट्टीची गाठ मी आवळलीच असती.

दोन दिवसांत तिचा वाकलेला फोटो सगळीकडे फिरला. 'हरितदूताची निष्ठा: शर्यत सोडून कचरा वेचला.' कचरा कोणाचा, हे कुठंच नव्हतं. नातेवाइकांचे फोन आले. "बाटलीवर छान दिसतेस हो!" एका आत्यानं तर विचारलं, "हीपण अर्धीच सोडलीस का गं?" ताईनं फोन ठेवला आणि माझ्या बायकोजवळ बसून रडली. खात्यात तिनं बाटल्या काढायला होडी मागितली. साहेब म्हणाले, होडी दुरुस्तीला गेलीय. क्लबाला तिनं एका ओळीत कळवलं की यापुढे येणार नाही. कप्तानाचं उत्तर आलं, हसरा चेहरा आणि हिरवं पान.

मला वाटलं, आता ही धावणं सोडेल. स्वेटरची दुसरी बाही, गाणं, पदवी, त्याच रांगेत हेही जाईल. पण महिना झाला नाही तोच एका सुट्टीच्या दिवशी सकाळी तिनं मला उठवलं. "सायकल काढ. घरचं पाणी घे. सहा फेऱ्या आहेत."

ना फलक होता, ना शिट्टी. मासे पकडणारा एक म्हातारा आणि फिरायला आलेली दोन-चार माणसं. ती पळत होती, मी मागून सायकल हाकत होतो, मागच्या कॅनमधून तिचा पेला भरत होतो. खजुराची बी ती माझ्या हातावर ठेवायची. ओली, चघळलेली. मी ती रुमालात बांधायचो. मला कसंतरी झालं नाही असं म्हणत नाही, पण बांधायचो.

सगळ्यात वाईट होती ती तलावाची बाजू. काठाच्या गवतात अडकलेल्या बाटल्यांवरून ऊन चमकायचं. शेवाळ चढलेली ताई, अर्धी बुडालेली ताई, उलटी ताई. लोक एकमेकांना पाण्यात पाहतात म्हणतात. मी माझ्या बहिणीला दर फेरीला खरोखर पाण्यात पाहत होतो. ती मात्र मान वळवत नव्हती. पाचव्या फेरीत तिच्या पोटरीत गोळा आला, ती लंगडायला लागली. मी म्हणालो, "चालत जा." ती म्हणाली, "गप्प बस." सहाव्या फेरीत तिचं तोंड वाकडं झालं होतं, नाक वाहत होतं, तेही तिनं बाहीला पुसलं, आणि मला, माझ्यासारख्या माणसाला, त्याचं काही वाटलं नाही.

जिथून सुरुवात केली त्या दिव्याच्या खांबाला तिनं हात लावला. मी सायकल टाकली. माझे डोळे भरून आले होते, लपवण्यात अर्थ नाही. "ताई! झालं! पूर्ण झालं बघ!"

"हो," ती म्हणाली. "पळणं झालं."

कठड्याला दोन्ही हात टेकून ती धापा टाकत उभी राहिली. नजर तलावाच्या मध्यावर होती. वाऱ्यानं बाकीच्या बाटल्या तिथं गोळा केल्या होत्या, त्यांचा एक चकचकीत थर झाला होता.

"पोहायला शिकायला किती दिवस लागतात रे?" तिनं विचारलं.

"तुला? या वयात? आणि कशाला?" मग तिची नजर कुठं आहे ते माझ्या लक्षात आलं. "छे! तलावात उतरायला बंदी आहे."

"माहीत आहे. ती पाटी आमच्याच खात्याची आहे."

"आणि त्या घाणीत उतरणार तू? शी! ते बघवत नाही मला इथून."

"मलाही नाही," ताई म्हणाली. "पण माझं तोंड आहे ते. धुवायला नको?"